रेणूला रेणू माहीत नव्हता

माझं नाव रेणुका. घरात रेणू. अव्वा, म्हणजे आई, मागच्या खोलीतून हाक मारायची तेव्हा त्या हाकेतला 'णू' कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत जायचा आणि पुढं दुकानात बसलेले अप्पा तिथूनच ओरडायचे, "अगं येती हाय ती, जरा दमानं घे की." तर रेणू म्हणजे मी, एवढं मला जन्मापासून ठाऊक होतं. रेणू म्हणजे आणखीही काही असतं आणि ते आलं नाही तर माणसाला वर्गाबाहेर घालवता येतं, हे आठवीत कळलं. त्या वर्षाबद्दल मी शांतपणे लिहावं असं दोघातिघांनी सुचवलं. पत्रकं लिहून लिहून तुझ्या हाताला ओरडायची सवय लागली आहे, असं त्यातला एक म्हणाला. असेल. तिशीतल्या बाईनं आत्मकथन लिहू नये, असंही तो म्हणाला. पण साठीची वाट बघत बसले तर माझा राग निवेल, आणि निवलेल्या रागानं हे प्रकरण लिहिलं तर ते खोटं होईल.

अप्पांचं दुकान लोण्या-तुपाचं. खेड्यांतून डब्यांनी लोणी यायचं, काही तसंच विकलं जायचं, उरलेलं अव्वा मागं कढवायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण सकाळ चालायची ती त्या पातेल्याच्या आवाजावर. लोण्याचा गोळा पहिल्यांदा काहीच बोलायचा नाही, नुसता कडेनं सैल पडायचा. मग फसफस सुरू व्हायची. मग तडतड, पत्र्यावर कुणी मुठीनं तांदूळ टाकत असल्यासारखी, आणि त्या तडतडीत अव्वा आमच्याकडं पाठ करून भाकरी थापत असायची. पातेल्यात ती डोकावायचीसुद्धा नाही. हळूहळू तडतड बारीक व्हायची, विरळ व्हायची, आणि एका क्षणी थांबायची. त्याच क्षणी अव्वा म्हणायची, "आतु." कानडीत म्हणजे झालं. पातेलं खाली. लोण्यातलं पाणी संपलं की आवाज संपतो, आणि पाणी संपलं की तूप झालं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. तळाशी उरलेली बेरी ती गूळ घालून आम्हाला द्यायची, गरम भाकरीवर. तिखट शेंगाची चटणी बाजूला. अजूनही कुठल्या घरात लोणी कढत असेल तर मी बोलणं थांबवते आणि तो आवाज थांबायची वाट बघते. समोरच्याला वाटतं मी त्याचं ऐकत नाही. बरोबरच वाटतं.

सातवीपर्यंत मी या घरात सुट्टीला येणारी पाहुणी होते. दुकान नवीन होतं, राहायला एकच खोली, म्हणून मला अव्वाच्या माहेरी, निपाणीच्या पलीकडं, अज्जाकडं, म्हणजे आजोबांकडं, ठेवलं होतं. तिथली शाळा कानडी. तिथल्या मास्तरांना पुस्तकात थांबता यायचं नाही. सातवीच्या वर्गात त्यांनी एकदा ताटात मूठभर जोंधळा घेतला. दाणे एकमेकांना चिकटवून दाबून धरले आणि म्हणाले, हे घन. ताट हलवलं, दाणे एकमेकांवरून घरंगळले, हे द्रव. मग सगळे दाणे वर उडवले आणि आम्ही ते वर्गभर शोधत बसलो, तेव्हा म्हणाले, हे अनिल. दाणे तेच. बदललं काय, तर त्यांच्यातलं अंतर आणि त्यांची मोकळीक. मग एक दाणा उचलून त्यांनी सांगितलं, पाण्याचा असा सगळ्यात लहान दाणा धरा, ज्याला अजून पाणी म्हणता येतं, तो अणू. आणि तो फोडला की आत निघतात ते परमाणू. दोन हायड्रोजनचे, एक ऑक्सिजनचा. मग मात्र ते पाणी राहत नाही. चौथीतल्या पोरालाही कळेल असं सांगितलं होतं. मला तर कायमचं कळलं.

आठवीला मी कोल्हापुरात आले. शाळेचं नाव लिहीत नाही. तिची बदनामी होईल म्हणून नव्हे, अशी शाळा एकच होती असं कुणाला वाटू नये म्हणून. बाहेरून आलेली म्हणून मला क तुकडीत टाकलं आणि सांगितलं, पहिल्या सहामाहीत गणित-विज्ञानात चांगले गुण पाड, मग अ मध्ये घेऊ. अ तुकडीचं मला कौतुक नव्हतं. मला पाहिजे होती प्रयोगशाळा. तिची किल्ली आठवड्यातून दोनदा अ तुकडीसाठी निघायची. आम्हा क वाल्यांना विज्ञानाचे सर प्रयोग फळ्यावर काढून दाखवायचे. बर्नर खडूचा, ज्योत खडूची, चंचुपात्रातलं पाणी खडूचं. ते उकळायचं ते सरांच्या तोंडून. येता-जाता मी प्रयोगशाळेच्या जाळीला नाक लावून आतली काचेची भांडी बघायचे. माझी शेजारीण शुभांगी म्हणायची, "ए, मी जातो बाई, सर आलं तर मलापण धरतील." कोल्हापुरातल्या पोरी 'मी जातो' म्हणतात. त्याला कुणी चूक म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण पुढं जे झालं त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

सहामाहीचा पेपर मला इतका सोपा गेला की मी वेळेआधी दिला. आठ दिवसांनी सर गठ्ठा घेऊन आले, सगळ्यांना पेपर वाटले आणि माझा तेवढा स्वतःच्या हातात ठेवला. त्याच वेळी शाळेचे शिपाई सूचनेची वही घेऊन दारात उभे होते. चांगले गोल गरगरीत, त्यांना सगळी शाळा अनिलमामा म्हणायची.

"ऐका," सर म्हणाले. "आपल्या वर्गात एक शास्त्रज्ञ आल्यात. पदार्थाच्या अवस्था किती आणि कोणत्या? तीन. घन, द्रव, अनिल."

वर्गाला कळायला एक श्वास लागला. मग बाकं वाजायला लागली.

"थांबा, पुढं आहे. अनिलचे कण एकमेकांपासून लांब असतात. अनिलला ठरावीक आकार नसतो. अनिल मिळेल ती सगळी जागा व्यापतो."

"सर," दारातून अनिलमामा म्हणाले, "आकार न्हाय ते खरं हाय. पण जागा मला शाळेनं स्टुलाएवढीच दिलीया."

मीसुद्धा हसले. खरंच हसले, कारण तोवर मला वाटत होतं की ही शब्दांची गंमत चालली आहे आणि गंमत संपली की सर सांगतील, बघा, कानडीत वायूला अनिल म्हणतात, पोरीचं बाकी सगळं बरोबर आहे. सरांनी पान उलटलं.

"रेणू म्हणजे काय? उत्तर, रेणू म्हणजे फुलातली बारीक धूळ."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, रेणूलाच रेणू म्हाईत न्हाय." हे वाक्य पुढं दोन वर्षं माझ्या मागं फिरलं. कानडीत रेणू म्हणजे धूळच, परागकण. दुसरा अर्थ मी ऐकलाच नव्हता. मी आले त्याच्या आधीच तो धडा वर्गात होऊन गेला होता आणि मला येतंय म्हणून मी पुस्तकात तो उघडला नव्हता. ही माझी चूक. ती मी कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

"आणि हे सगळ्यात भारी," सर म्हणाले. "पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात." त्या ओळीवर मारलेली लाल फुली इतकी जोरात होती की कागद फाटला होता. "पाण्याला अणू नसतो. पाण्याला रेणू असतो."

"सर, तोच," मी उभी राहून म्हणाले.

"तोच म्हणजे?"

"तुमचा रेणू म्हणजेच आमचा अणू. आणि तुमचा अणू म्हणजे आमचा परमाणू."

"आमचा म्हणजे कुणाचा?"

"अज्जाच्या शाळेतला."

"मग ते अज्जाला सांग. अज्जा देतील गुण." मग सरांनी पोरांना कणांचा खेळ खेळायला लावला. पहिल्या तीन बाकांवरच्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, ते स्थायू. मधल्यांनी हात सोडून एकमेकांत फिरायचं, ते द्रव. मी कुठं उभं राहू विचारलं, तर म्हणाले, "तू अनिल ना? मग बाहेर जा आणि मैदानभर पसर."

तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात अनिलमामांच्या स्टुलाशेजारी उभी होते. त्या प्रश्नांच्या कापलेल्या गुणांनी माझी अ तुकडी गेली होती, हे मी तिथंच मनात बेरीज करून काढलं. मामांनी मला एक भाजका शेंगदाणा दिला. मग दुसरा दिला.

"पोरी, माझ्या नावापायी तुझं गुण गेलं म्हण की."

"मामा, तुमच्या नावाचा कानडीत अर्थ गॅस होतो."

"गॅस व्हय?" मामांनी तिसरा दाणा स्वतःच्या तोंडात टाकला. "आमच्या बायकुला सांगाय पायजे. ती लई दिवस झालं हेच म्हणतीया."

घरी आले तेव्हा अप्पा ताजव्याची पारडी पुसत होते. पेपर त्यांनी उजेडात धरून वाचला. घन या शब्दावर फुली बघून म्हणाले, "आरं, आमच्या वेळी घनच हुतं की. घन, द्रव, वायू. मला पाठ हाय." म्हणजे घन हा शब्द कानडी म्हणून चूक नव्हता. तो मराठीच होता, फक्त मागच्या पिढीच्या पुस्तकातला. सरही अप्पांच्याच वयाचे. तेही घनच शिकले असणार. हे माझ्या डोक्यात चमकलं आणि मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही. पण अप्पांनी पेपर घडी घालून माझ्या हातात दिला. "जाऊ दे. मास्तराशी वाकडं घिऊन शाळा हुत न्हाय. पुढच्या टायमाला त्यांचा शब्द लिव. गप बस."

"गप बसायला तिनं चोरी केली काय?" अव्वा आतून म्हणाली. तिचं मराठी कानडीच्या चालीवर जायचं आणि रागात तर फारच. "यव्वा, तू इकडं ये. ते लोण्यातलं पाणी जातंय ते तुला कळतंय का न्हाय?"

"कळतंय."

"मग झालं तर. नावाला काय, दे काय पण."

नावाला काय नाही, अव्वा. नावावरच सगळं असतं, हे तिला तेव्हा सांगायला मला जमलं नाही.

पुढच्या सोमवारी लोण्याच्या डब्यांबरोबर अज्जानं माझं जुनं कानडी पुस्तक आणि मास्तरांची वही पाठवून दिली. मी ती घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले. सर डबा खात होते. मी पान उघडून बोटानं अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं, अणू, परमाणू, अनिल. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग रुमालाला हात पुसून म्हणाले,

"मला काय माहीत नाही होय? हिंदीतही असंच आहे. त्यांचा अणू म्हणजे आपला रेणू. बी.एड.ला आमच्याबरोबर हिंदीवाले होते, तेव्हाच कळलं होतं."

"मग सर, चूक का दिलं?"

"बोर्डाचा पेपर तपासणारा विचारणार आहे का तुझा अज्जा कुठला म्हणून? आत्ता गुण कापले म्हणून पुढं लक्षात राहील. तुझ्याच भल्याचं आहे हे."

त्यांना माहीत होतं. मी हे वाक्य गेली कित्येक वर्षं उलटून पालटून बघते आहे आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबते. अज्ञानाला मी माफ केलं असतं. माहीत असताना माणूस वर्गापुढं पेपर वाचून दाखवतो, शिपायाच्या नावावर पोरांना हसवतो, आणि एक वाक्य, 'हिंदीत आणि कानडीत याला असं म्हणतात', एवढं एक वाक्य बोलत नाही. ते वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? अख्ख्या वर्गाला एक जास्तीची गोष्ट कळली असती. त्याऐवजी वर्गाला हे कळलं की पलीकडून आलेली पोरगी म्हणजे मठ्ठ. आणि हे माझं भलं.

त्या संध्याकाळी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. पुडीच्या खाकी कागदावर, अप्पांना न विचारता. मथळा होता, 'अनिलमामांचा काही दोष नाही.' खाली दोन रकाने. कानडी घन, मराठी स्थायू, आणि पुढं कंसात 'जुन्या पुस्तकात घनच होतं, घरी विचारा.' द्रवपुढं द्रव. अनिलपुढं वायू. अणूपुढं रेणू. परमाणूपुढं अणू. दोन भाषांत मिळून एकटा द्रव तेवढा जसाच्या तसा वाहत आला होता. शेवटी एक प्रश्न, 'शब्द चुकला की कण चुकतो का?' आज इतकी पत्रकं लिहून सांगते, त्याहून बरा शेवट मला पुन्हा साधला नाही. शुभांगी म्हणाली, "मी लिवतो की, माझं अक्षर चांगलं हाय," आणि आम्ही दोघींनी मिळून नऊ प्रती काढल्या. एक अनिलमामांनी सूचनाफलकावर लावली. कुणी विचारल्यावर म्हणाले, "लावायचं काम माझं. वाचायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी अव्वा-अप्पांना बोलावणं आलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलामागं, शेजारी सर, समोर आम्ही तिघं. टेबलावर ते पत्रक. अप्पा आल्याआल्या माफी मागायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "अणू, रेणू, परमाणू, यातला एकही शब्द न वापरता सांग तुला काय येतंय ते."

मी अव्वाकडं बघितलं आणि तूप सांगितलं. लोण्याचा गोळा आकार धरून असतो कारण त्याचे कण जागा सोडत नाहीत. ऊन लागलं की ते एकमेकांवरून घसरायला लागतात, लोणी पातळ होतं. लोण्यात पाणी असतं. त्याचे कण एवढे तापतात की द्रवातून सुटून वर जातात, सुटताना तडतड करतात. सगळे गेले की आवाज थांबतो. वर गेला तो कण पाण्याचाच असतो, झाकण ठेवलं तर झाकणाला पाणीच लागतं. तो कण मोडला तरच पाणी मोडतं, आणि अव्वाच्या चुलीवर तो मोडत नाही.

"आतु," अव्वा हळूच म्हणाली.

बाईंनी सरांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सर, हिला येतंय."

"हो, येतंय," सर म्हणाले.

"पण बाळ," बाई माझ्याकडं वळल्या, "गुण पेपरात असतात. पेपर तपासून झालेत, निकाल लावलाय. आता तुझ्यासाठी बदलला तर उद्या प्रत्येकजण येईल." आणि त्यांनी लाल पेन उघडलं. मला वाटलं पेपरवर काही लिहितील. त्यांनी माझं पत्रक पुढं ओढलं. कानडी रकान्यात मी 'अणु' ऱ्हस्व लिहिला होता, कारण कानडीत तो ऱ्हस्वच आहे. बाईंनी त्याचा उकार दीर्घ केला आणि कागद मला परत दिला. त्या कार्यालयानं माझ्या प्रकरणात केलेली दुरुस्ती ती एवढीच.

घरी आलो. अप्पा गादीवर बसले, गिऱ्हाईक आलं, त्यांनी अर्धा किलो लोणी केळीच्या पानात गुंडाळलं आणि वरच्या पुडीसाठी हात मागं नेला. उरलेल्या आठ प्रती त्यांनी उचलल्या. मी बघत होते. पहिल्या प्रतीची अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील अशी त्यांनी पुडी बांधली, दोऱ्याची गाठ मथळ्यावर येणार नाही हे बघून. "कागुद चांगला हाय," माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाया कशाला घालवायचा." आठवडाभरात आठही गेल्या. त्यातली एक सरांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी आमचंच लोणी न्यायच्या.

अ तुकडी मला मिळाली नाही. आठवीचं उरलेलं वर्ष मी खडूच्या ज्योतीवर खडूचं पाणी उकळताना बघितलं. आज आम्ही सीमेवरच्या शाळांत तेच दोन रकाने छापून वाटतो, तर शिक्षण खात्यातले साहेबलोक विचारतात, अशी मुलं किती, आकडा द्या. एक, मी म्हणते. तिचं नाव सांगू का?

आठवीच्या वार्षिकला गुण पडले आणि नववीला मी अ मध्ये गेले. पहिल्याच तासाला प्रयोगशाळा उघडली. बर्नर खरा, ज्योत निळी. इथंही सर तेच. त्यांनी विचारलं, रेणू म्हणजे काय. मी हात वर केला आणि त्यांच्या पुस्तकातलं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "शाब्बास. बघ, वर्षभरात केवढी सुधारलीस."

मी बसले. चंचुपात्रातलं पाणी खदखदायला लागलं होतं. वर्षभरात मी त्या कणाबद्दल नवीन काही शिकले नव्हते. मला आठवीत जेवढं येत होतं तेवढंच येत होतं. फक्त आता ते सरांना ऐकू येत होतं.